बिल्ला गाढवीच्या गळ्यात

मी आयुष्यात एकदा एक युद्धकैदी पळवला. म्हणजे पळवला नाही; पळून आलेला परत आत घातला. पण त्या दुपारी हा बारीक फरक ऐकून घ्यायला कुणी खुर्ची टाकून बसलं नसतं. अशात काही न केलेल्या माणसाचं काय होतं ते चाचांनी मला त्या दिवशी असं सांगितलं, की अजूनही औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली की माझा हात आधी मानेवरचा घाम पुसायला जातो. मग गाडीतला माणूस उतरतो, दोन खिळे मागतो आणि मी त्याला चहा पाजतो.

चाचा म्हणजे माझे त्या वेळचे मालक. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याच्या अंगाला त्यांची वीटभट्टी होती. मी पिशोरहून नवी नवरी घेऊन शहरात आलो, तेव्हा त्यांनी मला भट्टीवरच एक खोली दिली आणि एक गाढवी माझ्या हवाली केली. वर म्हणाले, "ये तेरेसे ज्यादा हुशार है. इसका सुनते जा."

गाढवी खरोखर हुशार होती. भट्टीच्या गाढवांचा एक कायदा असतो. पाठीवर ओझं असलं की ते जिथं उतरतं तिथं जायचं. ओझं उतरलं की भट्टीकडं परत. मधे थांबायचं नाही, वळायचं नाही. मागं माणूस असो नाहीतर नसो. चार खेपा सोबत घातल्या की पाचवी खेप गाढव एकटं करतं. हा कायदा नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

बांगलादेशची लढाई संपून दीड वर्ष होत आलं होतं. छावणीच्या कडेला मोकळ्या माळावर तारेचं कुंपण घालून एक लहानसा कॅम्प उभा केला होता. आत पाकिस्तानी कैदी. तो कॅम्प फार दिवस राहिला नाही. शहरातल्या निम्म्या लोकांना तो होता हेही ठाऊक नसेल. आत भटारखान्याची भिंत बांधायची निघाली. बांधणारे कैदी आणि विटा आमच्या भट्टीच्या. भट्टीवरून तिथवर गाढवीच्या चालीनं अर्ध्या-पाऊण तासाची वाट.

आत जायला मला पत्र्याचा एक गोल बिल्ला मिळाला होता. गेटावरच्या वहीत त्या बिल्ल्यापुढं माझं नाव, माझा अंगठा नव्हे तर चांगली वळणदार सही. बिल्ला ज्याच्या गळ्यात, त्यालाच गेटातून सोडायचं, असा हुकूम होता. पहिले आठ दिवस मी तो छातीवर मिरवला. बायकोला दाखवला, शेजारच्या भट्टीवाल्यांना दाखवला. नवव्या दिवशी ऊन असं पेटलं, की मी निंबाखाली आडवा झालो, गाढवीवर विटांची गोण चढवली आणि बिल्ला काढून सरळ तिच्या गळ्यात बांधला.

काय चुकलं माझं? खेप तीच करणार होती.

गेटावर दिवसा एक जाडजूड, मायाळू शिपाई असायचा. तो सावलीत पाय पाण्याच्या बादलीत घालून बसे आणि दोरी ओढून आडवा बांबू वर करी. पहिल्यांदा गाढवी एकटी गेली तेव्हा त्यानं तिच्या गळ्यातला बिल्ला बघितला, थोडा विचार केला आणि दोरी ओढली. नंतर तर तो विचारही करेना. कधी मी तिच्यासोबत जायचो, कधी नाही. त्याचं लक्ष फक्त तिच्या गळ्याकडं.

आत विटा उतरवून घ्यायला एक कैदी असायचा. उंची माझ्याएवढी, मिशी माझ्यासारखी, वय माझंच. कैद्यांशी बोलायची मनाई होती, म्हणून तो माझ्याशी बोलत नसे. बोलायचा तो गाढवीशी.

"सलाम, मासी. आज देर कर दी?"

मासी म्हणजे मावशी. मी तिला काय म्हणत होतो ते इथं छापता यायचं नाही. त्यातल्या त्यात सोवळं सांगतो. "चल गं भवाने! मसणात जायाचंय का? टकुरं फिरलं का तुझं? तुझ्या आज्यानं वझं उचललं होतं का कधी?" हे सगळं एका दमात, चढत्या सुरात, शेवटी जिभेचा टाळूवर एक फटाका. आख्ख्या पडेगावात माझ्यासारखी शिवी देणारा दुसरा नव्हता. कैदी मान खाली घालून ऐकायचा आणि मिशीत हसायचा.

तो आपल्या वाटणीची अर्धी रोटी कमरेला बांधून ठेवायचा आणि विटा उतरल्या की तिला चारायचा. गाढवी दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही असं नव्हतं, ती माझ्या सदऱ्याची बाहीही खायची. पण त्याची रोटी खाताना ती डोळे मिटायची. एके दिवशी त्यानं गोण उचलली, खालचं गोणपाट बाजूला केलं आणि तसाच थांबला. डाव्या बाजूला तिची पाठ सोलवटली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. भटारखान्यातून चमचाभर तेल आणून त्यानं तिथं बोटानं लावलं.

मला ती जखम दिसली नव्हती असं नाही. खोटं कशाला बोलू? दिसली होती, आणि रोज मी तिच्यावरच गोण टाकत होतो.

तर त्या दिवशी दुपारची खेप तिनं एकटीनं केली. मी निंबाखाली. चाचा हुक्का विझवून भट्टीच्या तोंडाशी विटांचा रंग बघत उभे. ओझं उतरवून गाढवी रस्त्यावरून परत येताना दिसली. तिच्यामागं एक माणूस होता. उघडा, डोक्यापासून पायापर्यंत विटांच्या भुकटीनं लाल.

चाचा म्हणाले, "ये कौन है रे?"

मी म्हणालो, "असंल कुणी वाटसरू."

वाटसरू जवळ आला. गाढवी तिच्या जागी थांबली तसा तोही थांबला. त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सलाम आलेकुम, चाचाजी."

मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. मिशी माझीच होती.

"अरे, हा तर आतला!" मी ओरडलो. ओरडलो म्हणजे घशातून हवा निघाली.

चाचांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग गाढवीच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडं. मघापर्यंत मजेत असलेला म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत वाळला. त्यांनी त्या माणसाला दंडाला धरून विटांच्या रचलेल्या थप्पीमागं नेलं. मी आणि गाढवी मागोमाग.

"कायकू भागा रे? किधर जाएगा?"

"भागा नहीं जी," तो म्हणाला. "मासी निकली, फाटक खुला, मैं पीछे पीछे आ गया."

"बस?"

"पता था कि कहीं नहीं पहुँचूँगा. चार कदम चलना था. बिना गिनती के."

मग त्यानं सांगितलं. रस्त्यावर आल्यावर त्याला समोर दौलताबादचा किल्ला दिसला आणि वाटलं, तिकडं जावं. झाडी असेल, डोंगर असेल. पण गाढवाशिवाय तो उघडा, एकटा, परका माणूस. गाढवासोबत तो वीटवाला. म्हणून भट्टीकडं वाट फुटते तिथं त्यानं मासीला सरळ पुढं न्यायला बघितलं. मासी भट्टीची. ओझं उतरलंय, म्हणजे घरी. तो ओढतोय किल्ल्याकडं, ती चाललीय भट्टीकडं. "बहुत मिन्नत की जी, नहीं मानी." शेवटी तो तिच्या मागं आला.

"ओढायची जोरात," मी म्हणालो. अशा वेळी माणूस कसला सल्ला देतो बघा.

"पीठ पे ज़ख्म है उसके," तो म्हणाला.

त्यानं रिकाम्या गोणीतून एक कापड बाहेर काढलं. त्याचा सदरा. पाठीवर कैद्यांची काळी, वीतभर खूण.

चाचांनी तो सदरा पाहिला आणि मटकन खाली बसले. "या अल्ला! वर्दी भी ले के आया!" मग मराठीत माझ्याकडं वळून, "तुला काय रे. दोन थोबाडीत मारतील, बिल्ला काढून घेतील, सोडतील. माझ्या भट्टीवर पाकिस्तानी कैदी सापडला तर मला कोण विचारणार, गाढवामागं आला का माणसामागं? अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी तुझ्या वयाचा होतो. मला शाळेत कोंडला होता. किती दिवस, मोजले नाही. काय केलं होतं मी? काही नाही. सुटल्यावर साहेब म्हणाला, गलती हो गई. बस."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्यातली थट्टेखोरी त्या एका वाक्यानं विरली.

ठाण्यात जाऊन सांगावं तर पहिला प्रश्न, तो तुमच्याकडंच कसा आला? त्याला जाऊ द्यावं तर दोन कोसांत पकडला जाणार, नाहीतर गोळी खाणार. आणि बाहेर पडला तो माझ्या बिल्ल्यावर. संध्याकाळी पाचला कॅम्पात शिट्टी व्हायची आणि गिनती, म्हणजे कैद्यांची मोजदाद. त्याआधी काहीतरी करायला हवं होतं, आणि सूर्य कलायला लागला होता.

एवढ्यात बायको भाकरीचं टोपलं घेऊन आली. थप्पीमागं तीन पुरुष उकिडवे बसलेले आणि मधे गाढवी उभी बघून तिला काही तरी शिजतंय हे कळलंच. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तिनं त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आवं, ह्यो तर तुमच्यावानीच दिसतुया," ती म्हणाली. "निस्तं त्वांड बंद ठिवतुय, येवढाच फरक."

"मस्करी करायची वेळ हाय का ही?"

"मस्करी कुठं? कुणाच्या बिल्ल्यावर आला? तुमच्या. मंग तुमच्याच बिल्ल्यावर परत जाऊ द्या की. भायेर येताना वळखला नाय, आत जाताना काय वळखतंय? आत जाणाऱ्याला कुणी धरतं व्हय?"

चाचांनी मान वर केली. मी बायकोकडं बघतच राहिलो. कैद्याला मराठी कळत नव्हतं, पण ती गेटाच्या दिशेनं हात करत होती, त्यावरून कळलं असावं. त्यानं डोळे मिटले.

"पहिलं जेवू द्या त्याला," बायको म्हणाली आणि त्याच्या हातावर भाकरी ठेवली, वर लसणाचा ठेचा. त्यानं भाकरी मोडली, अर्धी बाजूला ठेवली. मला वाटलं सोबत नेणार. त्यानं ती मासीपुढं धरली. ठेचा लागलेली बाजू आधी पुसून.

आता विटा. मी गोण भरायला लागलो तर त्यानं माझा हात धरला.

"नहीं जी. ज़ख्म खुल गया है."

"अरे बाबा, रिकामं गाढव आत नेऊन काय सांगणार? हवा खायला आणलं?"

"दाहिनी तरफ़ भरो," तो म्हणाला. "आधी ईंटें. बाकी मैं सिर पे."

चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "गधा हलका और आदमी लदा हुआ! शिपाई हसेल ना रे! अशानं मरशील!"

तो ऐकेना. ऐन जिवावरच्या वेळी माणूस कशापायी अडून बसेल याचा नेम नाही. त्यानं सांगितलं, त्याच्या बापाचीही गावाकडं भट्टी होती, गाढवं होती. आणि बाप म्हणायचा, सोललेल्या पाठीवर ओझं टाकणाऱ्याचं ओझं अल्ला उतरवत नाही. चाचा गाढवीच्या पाठीकडं बघायला लागले. भट्टी त्यांची, गाढवी त्यांची. मी तर जमिनीत जायला जागा शोधत होतो.

शेवटी तसंच ठरलं. सदऱ्याची घडी गोणीच्या तळाशी, त्यावर निम्म्या विटा, उरलेल्या त्याच्या डोक्यावर. माझा टॉवेल त्याच्या डोक्याला बांधला. बायकोनं माझा सदरा उतरवायला लावला आणि मूठभर भुकटी उचलून माझ्याही तोंडाला-अंगाला फासली.

"मला कशाला?"

"असू द्या. दोघं सारके दिसलेलं बरं."

ही बाई त्या दिवशी नसती तर मी आज तुरुंगात बसून तुम्हाला हे लिहिलं असतं.

मी त्याच्यापासून पन्नास पावलं मागं चाललो. गाढवी पुढं, डोक्यावर विटा घेतलेला तो मागं. समोरून एक फौजी ट्रक आला. मी वाकून पायातला नसलेला काटा काढायला लागलो. ट्रक धूळ उडवत निघून गेला. पुढं सायकलवरचा एक ओळखीचा माणूस थांबून त्यालाच हाक मारून म्हणाला, "काय राव, आज गाढवाला सुट्टी व्हय?" त्यानं मान डोलावली. सायकलवाला माझ्या बाजूनं गेला तेव्हा मी झाडाकडं तोंड करून उभा होतो.

गेट दिसलं आणि मी जागीच थांबलो. बादलीत पाय घालणारा मायाळू शिपाई नव्हता. पहारा बदलला होता. तिथं एक नवा, काटकुळा, कडक इस्त्रीचा हवालदार सरळ उभा होता. बादली पालथी घातलेली होती.

मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागं सरकलो. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. हे दुसरं नसतं तर बरं झालं असतं.

हवालदारानं हात आडवा केला. "बिल्ला?"

कैद्यानं गाढवीच्या गळ्याकडं बोट केलं.

"गाढवाच्या गळ्यात? गाढव कोण, ती का तू?" त्यानं बिल्ला सोडवला आणि कैद्याच्या गळ्यात घातला. मग त्याचं लक्ष ओझ्याकडं गेलं. आणि मग तो मराठीत, चांगल्या ठसक्यात म्हणाला, "कुठला रं तू? आन् ह्ये काय, जनावर मोकळं आन् विटा तुझ्या डोक्यावर?"

संपलं, मी म्हणालो. मनात म्हणालो असेन, कारण टपरीवाल्यानं वळून बघितलं नाही. कैद्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. हवालदार उत्तराची वाट बघत होता. वाट बघता बघता त्यानं गोणीत हात घातला आणि वरची एक वीट उचलली. मग दुसरी. तळाशी सदरा होता.

आणि तेवढ्यात तो कैदी गाढवीकडं वळला आणि माझा आवाज बाहेर आला.

माझा म्हणजे माझाच. "चल गं भवाने! मसणात जायाचंय का? टकुरं फिरलं का तुझं? तुझ्या आज्यानं वझं उचललं होतं का कधी?" तोच चढता सूर, तीच लय, शेवटी जिभेचा तोच फटाका. मराठीचा एक शब्द येत नव्हता हे मी चुकीचं सांगितलं. एवढे येत होते. इतके दिवस त्यानं माझ्या तोंडून दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

पडेगावचा एवढा अस्सल पुरावा ऐकून हवालदार हसला. इस्त्रीला सुरकुती पडावी तसा हसला. विटा परत गोणीत टाकल्या. "जा, जा. आज्याला सलाम सांग." बांबू वर गेला.

ते दोघं आत गेले. मी टपरीच्या खांबाला धरून श्वास सोडला आणि सोडता सोडता अर्ध्यातच अडकला. कारण आता मला आठवलं, की जो माणूस आत गेला तो बाहेर यायला हवा होता. बादलीवाला असता तर गाढवी एकटी आली तरी चाललं असतं. हा इस्त्रीवाला मोजणार.

आणि गाढवी आलीच. एकटी. मोकळी. बिल्ला परत तिच्या गळ्यात.

"ए!" हवालदारानं तिचा कान धरला. "माणूस कुठंय?" आणि तो आत वळून शिट्टी तोंडाशी न्यायला लागला.

मी कसा धावलो मला आठवत नाही. पण रस्त्यावरून न जाता मी कुंपणाच्या कडेकडेनं, त्याच्या पाठीमागून आलो आणि म्हणालो, "हा काय, साहेब. कवाचा भायेर हुबा हाय."

तो वळला. माझ्याकडं बघितलं. लाल तोंड, मिशी, उघडं अंग. "तू कवा आलास भायेर?"

"आत्ताच की. तुमी गाढवाचा कान बघत व्हता."

"मगाशी डोक्याला टॉवेल होता."

मी गाढवीकडं बघितलं, देवाकडं बघावं तसं. टॉवेल तिच्या पाठीवर होता. चांगला चौघडी करून, गोणपाटाखाली, बरोबर त्या जखमेवर ठेवलेला. मी बोट केलं. "तिची पाठ सोलली, साहेब. तिला दिला."

हवालदारानं गोणपाट उचलून बघितलं, बोटानं टॉवेल दाबला. त्याचा चेहरा जरा निवळला. पण शिट्टी हातातच होती. "मगाशी लई तोंड चालत होतं तुझं. आता का पडलं?"

आणि बघा, आख्ख्या पडेगावात शिवीत ज्याचा हात धरणारा नव्हता, त्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. भवाने म्हणायला गेलो, भ सुद्धा निघेना. हवालदार डोळे बारीक करून उभा. आतून पाचची शिट्टी झाली. पलीकडं रांगा लागायला लागल्या. मी गाढवीच्या पाठीवरच्या टॉवेलाकडं बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "चल, मासी."

ती निघाली. फटाका नाही, काही नाही. मान हलवून सरळ भट्टीच्या वाटेला लागली. हवालदार माझ्याकडं आणि तिच्याकडं बघत राहिला, पण आत गिनती सुरू झाली होती आणि त्याला तिकडं जायचं होतं.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. एकेक आकडा ऐकत राहिलो. एक जरी कमी भरला असता तर गोंधळ उठला असता. गोंधळ उठला नाही. गिनती पुरी झाली.

भट्टीवर चाचा नमाजाच्या चटईवर बसून होते. नमाज संपून किती वेळ झाला होता कुणास ठाऊक. मी "झालं" म्हणालो. ते म्हणाले, "आजसे बिल्ला तेरे गलेमें. और वो पंधरा दिन कुछ नहीं उठाएगी." पंधरा दिवस विटा हातगाड्यावर गेल्या. गाडा कोण ओढत होतं ते विचारू नका.

पुढचे काही महिने, भिंतीमागून भिंती निघत गेल्या तसा, मी रोज आत जायचो, बिल्ला छातीवर. तो विटा उतरवून घ्यायचा, मासीला रोटी चारायचा, तेल लावायचा. आमच्यात एक शब्द झाला नाही. कधी कधी माझी पाठ वळली की मागून हळूच माझाच आवाज यायचा, "टकुरं फिरलं का तुझं?" मला दरदरून घाम फुटायचा आणि त्याला भारी मजा वाटायची. तो इस्त्रीवाला हवालदार माझ्याकडं रोज जरा जास्तच वेळ बघायचा, असं मला वाटायचं.

मग एके सकाळी कॅम्प रिकामा व्हायला लागला. ते परत आपल्या मुलखात जाणार होते. कानावर आलं तसा मी मासीला रिकामीच घेऊन गेलो, तर बांबू वर आणि ट्रकांची रांग. आम्हाला बाजूला उभं केलं. नेमकं त्या हवालदाराशेजारी.

तिसऱ्या ट्रकात तो होता. सदरा घातलेला, स्वच्छ, केस विंचरलेले. त्यानं मला बघितलं, पण नजर माझ्यावर थांबली नाही. ती मासीवर थांबली. ट्रक गेटातून बाहेर पडला, आणि तो उठून, फळीला धरून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "चल गं भवाने! मसणात जायाचंय का? तुझ्या आज्यानं वझं उचललं होतं का कधी?" ट्रकातले सगळे हसले. शेवटचा फटाका त्यानं असा वाजवला की मासीनं दोन्ही कान उभे केले आणि ट्रकामागं चालू लागली. मला तिला धरावं लागलं. पाठीवर ओझं नाही, भट्टी उलट्या दिशेला, आणि तरी ती तिकडं ओढत होती. आयुष्यात एकदाच तिनं कायदा मोडायला बघितलं.

ट्रकाची धूळ बसली. हवालदार सावकाश माझ्याकडं वळला. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गेलेल्या ट्रकाकडं, मग परत माझ्या तोंडाकडं.

"त्या दिवशी," तो अगदी हळू म्हणाला, "मी आत कुणाला सोडला रं?"

मला चाचांची शाळा आठवली. बिल्ल्याची दोरी गळ्याला काचायला लागली. पण कुठून कोण जाणे, बायकोचंच वाक्य तोंडात आलं. "आतच सोडला न्हवं, साहेब? भायेर तर न्हाई ना?"

तो विचार करायला लागला. ओठ हलत होते. हिशेब लावत असावा, आत सोडणं कोणत्या कलमात बसतं. मग त्यानं हात पुढं केला, माझ्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला आणि खिशात टाकला.

"मला पेन्शन खायचीय," तो म्हणाला. "जा. आन् तिला उचलून न्यू नगंस, चालव. लोकं बघत्यात."

मी खाली बघितलं. मी मासीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून उभा होतो.